साक्षीला एल्ग

जुनी गाडी मार्चच्या तपासणीत नापास झाली.
खालचा पत्रा गंजून पापडासारखा;
मेकॅनिकने बोट टेकवलं
ते आरपार गेलं.
एक महिन्याची मुदत मिळाली आहे.
तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात
जेवणाआधी गाडी, जेवताना गाडी,
ताटं विसळतानाही गाडीच.

सिक्स्टनला उंच हवी,
दोन टनांची, चारही चाकं ओढणारी.
तो फार बोलत नाही, कपाळावरची खूण चोळतो.
एकोणीस वर्षं झाली त्या रात्रीला.
"एल्गचे पाय लांब. बुटक्या गाडीचा बंपर
त्याच्या गुडघ्यांना लागतो, आणि वरचं धूड
काच फोडून मांडीवर येऊन बसतं."
येऊन बसतं, असंच म्हणतो तो,
जणू भाचा लाडात आलाय.

तुव्हा सतराची. तिला विजेची हवी,
नाहीतर कुठलीच नको.
बीजगणिताच्या वहीत मागच्या पानापासून
तिने हिशोब मांडत आणलाय.
"दर मैलाला जवळजवळ लिटरभर, पप्पा!"
(आमचा मैल दहा किलोमीटरचा.
इथे उत्तरेला अंतरंसुद्धा ऐसपैस लागतात.)
"आणि तुझ्या दोन टनांसमोर
कुणाची छोटी गाडी आली तर?
तिच्यातल्या माणसाला कपाळ नसतं?"

सिक्स्टनने खूण चोळायची थांबवली.
बराच वेळ फ्रिजच बोलत होता.
मग म्हणाला, "उणे तीसला बॅटरी अर्ध्यावर येते.
आईला रात्री निघावं लागलं तर?"
"आईनेच तर शिकवलं मला
कचऱ्याचे सात डबे करायला."

दोघांच्या तोंडी मीच.
मी गावोगाव फिरणारी नर्स,
वर्षाला अडीच हजार मैल.
मला काय हवं ते कुणी विचारलं नाही.
मला मलमपट्टीची पेटी सरकणार नाही
असा एक कोपरा हवा,
आणि पाठ शेकणारी सीट.

रस्ता संपतो तिथे आल्गोट राहतो, अठ्ठ्याऐंशीचा.
मी त्याच्या पायाची जखम धुते
आणि तो मला चिडवतो:
"ऐंशीव्या वर्षी गाडी विकली. या तालुक्यात
माझ्याइतका स्वच्छ माणूस नाही.
धूर सगळा तुझ्या नावावर."
खरंच आहे. त्याच्या एका पायासाठी
मी आठवड्यातून दोनदा
सोळा मैल जाळते.

काल परतताना धुकं होतं.
फाटक्या पत्र्यातून खाली रस्ता ऐकू येत होता,
म्हणून मी चाळीसनेच चालले होते,
भित्रेपणाने म्हणा, गंजामुळे म्हणा.
वळणावर तो उभा.
ब्रेक लागला. गाडी किंचित घसरली, मग थांबली.
आमच्या मध्ये फार तर दोन हात.

मी इंजिन बंद केलं. का, ते माहीत नाही.
तो सावकाश पुढे आला,
मान खाली घातली
आणि बॉनेट चाटायला लागला.
हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ
थरावर थर साचलेलं;
खरखरीत जीभ, पत्र्यावर तिचा आवाज,
काचेवर त्याच्या श्वासाचा ढग येतोय, विरतोय.
त्याचे गुडघे मी पाहिले.
सिक्स्टनचं बरोबर आहे, बंपरच्या बरेच वर होते.

पोट भरलं असावं. तो झाडीत गेला,
मागे वळूनही न बघता.

घरी मी काहीच सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर रात्रभर
दोघांनी त्याला आपापला साक्षीदार केलं असतं:
एकाने उंचीसाठी,
दुसरीने तो जगावा म्हणून.
आणि मग दोघं माझ्याकडे वळले असते,
हळू चालवत होतीस ना, म्हणून.

शनिवारी उमेओला जायचंय, तीन गाड्या बघायला.
सिक्स्टनने मोजायची फीत खिशात टाकून ठेवलीय.
तुव्हाने वहीत नवं पान काढलंय.

सकाळी ती दारातून ओरडली,
"आई, बॉनेटवर हा एवढाच पट्टा
इतका लख्ख कसा?"
हात लागला असेल, म्हटलं मी,
आणि पेटी मागच्या सीटवर ठेवली.